पाकिटावरचा इतिहास : युद्धकाळातील टपाल आणि तिकिटे

इतिहासाची साधने म्हटली की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि दप्तरखान्यातील कागदपत्रे उभी राहतात. ही साधने मोलाची आहेत. परंतु त्यांतील बहुतेक राजांनी कोरवलेली, सरदारांनी लिहवून घेतलेली किंवा सरकारने जपलेली आहेत. सामान्य माणसाच्या हातून निघून सामान्य माणसाच्या हाती पडलेले साधन शोधू लागलो, तर ज्या मोजक्या वस्तू सापडतात त्यांत टपालाचे पाकीट अग्रभागी आहे. त्यावरचे तिकीट, शिक्का, पत्ता आणि आतील मजकूर या चार गोष्टी चार साक्षीदारांसारख्या असतात. त्यांची साक्ष नीट तपासली, तर युद्धासारखी प्रचंड घटनाही एका हाताएवढ्या कागदावरून वाचता येते. प्रस्तुत लेखात हे वाचन कसे करावे याचा काही उदाहरणांच्या आधारे विचार करावयाचा आहे. त्यासाठी आपण चार प्रश्न सोबत ठेवू : पत्र कोणी लिहिले? ते वाटेत कोणी वाचले? कोणी पोहोचवले? आणि कोणाला ते लिहिताच आले नाही?

सांगाव्यापासून तिकिटापर्यंत

टपालखाते येण्यापूर्वी महाराष्ट्राच्या खेड्यांत निरोप जात नव्हते असे नाही. मयताची बातमी परगावी कळवणे, सरकारी कागद पुढच्या गावी पोहोचता करणे, अंमलदाराच्या पुढे धावणे ही महाराची गावकीची कामे होती. ऊन असो, पाऊस असो, रात्र असो, सांगावा घेऊन निघावे लागे. त्याचा मोबदला ठरलेल्या वेतनात नव्हे, तर वतनाच्या तुटपुंज्या जमिनीत आणि बलुत्याच्या मूठभर धान्यात मिळे. निरोप पोहोचवणे हा व्यवसाय नव्हता, ती जन्माने लादलेली वेठ होती. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले, ते याच वेठीच्या मुळावर घाव घालण्यासाठी.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे १८५४ च्या टपाल सुधारणेचे महत्त्व वेगळ्या रीतीने कळते. इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांच्या योजनेनुसार १८४० मध्ये पहिले चिकट टपाल तिकीट निघाले. १८५२ मध्ये सिंध प्रांतात ‘सिंध डाक’ची तिकिटे आली आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून ब्रिटिश हिंदुस्थानभर एकच दर सुरू झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा. मग ते पत्र शेजारच्या तालुक्याला जावो की कलकत्त्याला. तिकीट पाठवणाऱ्याची जात विचारीत नाही. सावकाराच्या पत्राला जो अर्धा आणा, तोच मजुराच्या पत्रालाही. पत्र वाटणाऱ्याच्या मनातील जात त्या अर्ध्या आण्याने पुसली गेली नाही, हे खरे. तरीही सर्वांना समान दर लावणारी एक व्यवस्था आपल्या देशात उभी राहिली, ही गोष्ट लहान नव्हे. सरकारचा त्यामागील हेतू राज्यकारभार आणि व्यापार सोयीचा करण्याचा होता. परंतु साधन एकदा निर्माण झाले की ते निर्मात्याच्या हेतूपुरते मर्यादित राहत नाही.

पाकीट कसे वाचावे?

पाकीट हाती आल्यावर प्रथम तिकीट पाहावे. त्यावर कोणाचे चित्र आहे, किंमत किती, भाषा कोणत्या, मूळ तिकिटावर नंतर काही अक्षरे छापली आहेत काय, हे टिपावे. नंतर छापलेल्या अशा अक्षरांना अधिमुद्रण म्हणतात. घाई, टंचाई किंवा सत्तांतर यांची ती खूण असते. त्यानंतर शिक्का पाहावा. शिक्का गाव आणि तारीख सांगतो. मागील बाजूस पोहोचल्याचा शिक्का असेल, तर प्रवासाला किती दिवस लागले हेही कळते. पुढे पत्ता पाहावा. नावापुढे कोणती उपाधी आहे, जात लिहिली आहे काय, कोणाच्या मार्फत पत्र पाठवले आहे, यांतून समाज दिसतो. शेवटी पाकिटावरील इतर खुणा पाहाव्यात : सेन्सॉरचा शिक्का, कडेने उघडून पुन्हा डकवलेली पट्टी, ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा.

लष्करी पाकिटात गावाचे नाव मुद्दाम टाळलेले असते. आपल्याकडील सैनिकांच्या घरांत ‘५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ हा पत्ता परिचित आहे. हे कोणत्याही गावाचे नाव नव्हे. घरच्यांनी पत्र या आकड्यावर टाकावयाचे आणि ती पलटण कोठे आहे हे फक्त लष्करी टपालाला ठाऊक असावयाचे, अशी ही योजना आहे. हिंदुस्थानी फौजेबरोबर टपाल कचेरी परदेशी जाण्याची परंपरा १८५६ च्या इराण मोहिमेपासूनची आहे.

पहिले महायुद्ध : पत्रे आणि त्यांचे वाचक

१९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदुस्थानी फौजा फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरल्या. त्यांच्या टपालासाठी पंचम जॉर्ज यांच्या चित्राच्या तिकिटांवर ‘आय. ई. एफ.’ ही तीन अक्षरे छापण्यात आली. ‘इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स’ या नावाची ती आद्याक्षरे होत. आज संग्राहकांच्या वहीत ही तिकिटे दिसतात तेव्हा तीन काळ्या अक्षरांपलीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. त्या तीन अक्षरांमागे दहा लाखांहून अधिक माणसे होती. पंजाब, गढवाल, नेपाळ, कोकण आणि घाटमाथा येथून निघून ती फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका आणि इजिप्तपर्यंत गेली. त्यांतील सुमारे ७४ हजार परत आली नाहीत.

फ्रान्समधील हिंदुस्थानी सैनिक १९१५ च्या मार्चपर्यंत आठवड्याला १० ते २० हजार पत्रे लिहीत होते. बहुसंख्य सैनिकांना लिहिता येत नव्हते. पलटणीतील एखादा लेखनिक किंवा शिकलेला सोबती मजकूर उतरवून घेई. गावातही ते पत्र कोणी तरी वाचून दाखवी आणि चार माणसे ते ऐकत. म्हणजे पत्र खाजगी असे म्हणण्यापुरतेच. त्यात सेन्सॉरची भर पडली. ई. बी. हॉवेल हा अधिकारी या टपालाचा मुख्य सेन्सॉर होता. त्याच्या कचेरीत पत्रे उघडली जात, निवडक मजकुराचे इंग्रजी भाषांतर होई आणि त्याचे अहवाल वरिष्ठांकडे जात. सैनिकांच्या मनात असंतोष आहे काय, ते घरच्यांना भरतीपासून परावृत्त करीत आहेत काय, हे सरकारला हवे होते.

सैनिकांना हे कळत होते. म्हणून त्यांनी आपली सांकेतिक भाषा तयार केली. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक आणि लाल मिरची म्हणजे गोरे सैनिक. काळी मिरी संपत आली, आता लाल वापरात आहे, अशा अर्थाचा साधा घरगुती मजकूर लिहून आघाडीवर आपली माणसे किती मरत आहेत हे गावाला कळवले जाई. निरक्षर समजल्या गेलेल्या माणसांनी साम्राज्याच्या सेन्सॉरला दिलेली ही हूल बुद्धीची साक्ष देते. सेन्सॉरलाही ती अखेर उमगली, म्हणूनच आज आपणांस ती माहीत आहे.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे. हे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे मात्र बहुतांशी नाहीशी झाली. उरली ती निवडलेली, भाषांतरित झालेली वाक्ये. सैनिकाने सांगितले, लेखनिकाने लिहिले, भाषांतरकाराने बदलले, सेन्सॉरने निवडले. एवढ्या चार चाळण्यांतून आलेला आवाज पूर्णपणे त्या सैनिकाचा मानता येत नाही आणि खोटा म्हणून टाकूनही देता येत नाही. साधनाची पारख म्हणतात ती हीच. दुसरी विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या राजवटीला या माणसांची भीती वाटली, तिनेच त्यांचे शब्द जपून ठेवले. ज्यांची भीती वाटली नाही, त्यांचे शब्द कोणी जपले?

न लिहिलेली पत्रे

हा प्रश्न आपल्या समाजाशी थेट संबंधित आहे. १९१४-१५ मधील फ्रान्सच्या या पत्रांत महार पलटणीचा आवाज शोधू जाल तर तो सापडणार नाही. कारण तेव्हा महार पलटणच नव्हती. कंपनीच्या काळापासून लष्करात पराक्रम गाजवलेल्या या समाजाची भरती १८९० च्या दशकात ‘लढवय्या जमाती’च्या धोरणाखाली बंद करण्यात आली होती. सुभेदार रामजी सकपाळ यांची पिढी लष्करी शाळांत शिकली, शिकवू लागली. आणि पुढच्या पिढीसाठी तेच दार लागले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये विलायतेला भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवून हे दार उघडण्याची मागणी केली. महायुद्धात माणसांची टंचाई भासली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. पुढे बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. तेव्हा पत्रसंग्रहातील रिकामी जागा हाही एक पुरावाच असतो. कोण बोलले हे तो सांगत नाही. कोणाला बोलू दिले नाही, हे सांगतो.

मात्र फ्रान्स व इंग्लंडमध्ये अस्पृश्य माणसे नव्हती असे नाही. फौजेबरोबर भंगीकाम करणारे, पाणी वाहणारे असे अनेक कामगार गेले होते. ब्रायटनच्या राजप्रासादात हिंदी जखमींसाठी रुग्णालय उघडले, तेव्हा धर्म आणि जात सांभाळण्यासाठी तेथे नऊ स्वयंपाकघरे चालवण्यात आली. समुद्र ओलांडला तरी जात मागे राहिली नाही. ब्रोकनहर्स्ट या गावी असेच एक रुग्णालय होते. तेथील सुखा कल्लू नावाचा सफाई कामगार जानेवारी १९१५ मध्ये वारला. अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याला अग्नी दिला नाही, मुसलमान नव्हे म्हणून त्यांच्या दफनभूमीतही जागा मिळाली नाही. अखेर गावच्या धर्मगुरूने त्याला आपल्या चर्चच्या आवारात पुरले, असे सांगतात. सेंट निकोलस चर्चच्या आवारातील त्याचा दगड गावकऱ्यांनी वर्गणी काढून बसवला. सुखा कल्लूचे पत्र आपल्यापाशी नाही. परक्या देशातील परक्या माणसांनी बसवलेला तो दगड हेच त्याचे पत्र, आणि त्यावर पत्ता आपला आहे.

पन्नास अब्जांचे तिकीट

युद्ध संपले म्हणजे त्याचे परिणाम संपत नाहीत. याचा पुरावा १९२३ च्या जर्मन तिकिटांवर मिळतो. १९१४ मध्ये जर्मनीत साधे पत्र १० फेनिगात जाई. शंभर फेनिग म्हणजे एक मार्क. युद्धाचे कर्ज, नुकसानभरपाईचा बोजा आणि बेसुमार छापलेल्या नोटा यांमुळे मार्कची किंमत एवढी घसरली की १९२३ च्या अखेरीस ५० अब्ज मार्कांचे टपाल तिकीट निघाले. नवी तिकिटे छापेपर्यंत दर बदलत. म्हणून जुन्याच तिकिटांवर नवे आकडे छापावे लागत. एका पाकिटावर तिकिटांच्या ओळीच्या ओळी चिकटवलेल्या आढळतात. आयुष्यभराची बचत एका पत्राच्या खर्चालाही पुरू नये, म्हणजे काय, हे त्या पाकिटाकडे पाहून कळते.

याच १९२३ मध्ये बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलनाचे मूल्य स्थिर असावे, कारण ते ढासळले की त्याचा मार गरिबांवर अधिक बसतो, हा विचार त्यात आहे. बाबासाहेबांनी त्याच सुमारास जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले होते. अर्थशास्त्राचा तो ग्रंथ कठीण वाटणाऱ्या विद्यार्थ्याने आधी ते पन्नास अब्जांचे तिकीट पाहावे. ग्रंथातील प्रश्न किती जिवंत होता, ते समजेल.

सहा-आठ-आठ-आठ

आता तिसरा प्रश्न : पत्र पोहोचवले कोणी? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सैनिकांची पत्रे सूक्ष्म फिल्मवर उतरवून विमानाने नेण्याची योजना आखली. ज्या दीड लाख पत्रांना ३७ पोती लागत, ती फिल्मच्या रूपाने एका पोत्यात मावू लागली. ब्रिटिश व हिंदी फौजांसाठीही ‘एअरग्राफ’ नावाची अशीच सेवा होती. पण यंत्र कितीही चतुर असले तरी पत्ता शोधण्याचे काम माणसालाच करावे लागते. १९४५ च्या आरंभी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे अमेरिकन सैनिकांची सुमारे १ कोटी ७० लाख पत्रे व पार्सले गोदामांत पडून होती. आघाडी रोज पुढे सरकत होती आणि पत्रांना माणूस सापडत नव्हता.

हे काम ६८८८ व्या टपाल बटालियनवर सोपवण्यात आले. मेजर चॅरिटी ॲडम्स यांच्या नेतृत्वाखालील या तुकडीत ८५५ स्त्रिया होत्या, त्यांतील बहुतेक कृष्णवर्णीय. काळ्या खिडक्यांच्या थंड गोदामांत, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत, आठवड्याचे सातही दिवस त्यांनी काम केले. सुमारे ७० लाख नोंदपत्रे त्यांनी तयार केली. रॉबर्ट स्मिथ या एकाच नावाचे ७,५०० सैनिक होते. लष्करी क्रमांकावरून त्यांतील नेमका कोण, हे शोधावे लागे. काही पाकिटांवर तर केवळ घरचे लाडके नाव असे. एका पाळीत सुमारे ६५,००० पत्रे मार्गी लागत. सहा महिन्यांचे काम त्यांनी तीन महिन्यांत संपवले आणि पुढे फ्रान्समधील रुआँ येथे जाऊन तेथीलही ढीग उपसला.

ज्या सैन्यासाठी त्या राबत होत्या, त्याच सैन्यात त्यांची राहण्याची व जेवणाची सोय वेगळी होती. त्यांच्यासाठी वेगळे विश्रांतिगृह देऊ केले गेले, तेव्हा मेजर ॲडम्स यांनी ते नाकारले. १९४६ मध्ये ही तुकडी मायदेशी परतली, तेव्हा तिचे जाहीर स्वागत झाले नाही. सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश अध्यक्ष ट्रूमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढला. या स्त्रियांच्या गौरवासाठी अमेरिकन काँग्रेसचे सुवर्णपदक मंजूर व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. निरोप पोहोचवावा, पण पंक्तीला बसू नये, हा न्याय आपल्याला नवा नाही. सांगावा घेऊन धावणाऱ्या आपल्या पूर्वजांना या स्त्रिया सहज ओळखू आल्या असत्या.

ही ओळख बाबासाहेबांनी प्रत्यक्ष पत्राने करून घेतली होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे निवेदन दिल्याचे कळताच १९४६ च्या जुलैमध्ये त्यांनी थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतील साम्य नमूद केले आणि निवेदनाच्या प्रती मागवल्या. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी सहानुभूतीपूर्ण उत्तर पाठवले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात हा पत्रव्यवहार जपलेला आहे. सर्वसामान्य टपालाने गेलेली ही दोन छोटी पत्रे. पण दोन खंडांतील शोषितांनी एकमेकांना दिलेली हाक त्यांत ऐकू येते.

तिकिटावरचा नवा देश

तिकीट हा राज्यसत्तेने स्वतःचा काढलेला चेहरा असतो. २ जानेवारी १९४६ रोजी हिंदुस्थान सरकारने महायुद्धातील विजयाची चार तिकिटे काढली. त्याच्या पुढच्याच महिन्यात मुंबई बंदरातील नौसैनिकांनी उठाव केला. विजयाचे तिकीट चिकटवलेल्या त्या वर्षीच्या पाकिटांत राज्य हादरल्याच्या बातम्या गेल्या असतील, हे सहज समजण्याजोगे आहे. दुसरीकडे आझाद हिंदची तिकिटे बर्लिनमध्ये छापली गेली, पण एकाही पत्रावर टपालात वापरली गेली नाहीत. एका तिकिटाला सत्ता होती पण भविष्य नव्हते. दुसऱ्याला स्वप्न होते पण टपालखाते नव्हते.

२१ नोव्हेंबर १९४७ रोजी तिरंग्याचे साडेतीन आण्यांचे तिकीट आले आणि १५ डिसेंबरला दीड आण्याच्या तिकिटावर सारनाथचा अशोकस्तंभ आला. १५ ऑगस्ट १९४९ च्या मालिकेत अजिंठा, बोधिसत्त्व, सांची आणि बोधगया ही चारही चित्रे होती. राजाचे मुखवटे गेले आणि तथागतांचा वारसा घरोघर पोहोचू लागला. या मालिकेतील एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती प्रथम उलटी, म्हणजे डावीउजवी बाजू पालटून छापली गेली होती. १९५० मध्ये ती सुधारण्यात आली. छापील वस्तूही तपासूनच घ्यावी, हा धडा त्यातून मिळतो.

१९५३ मध्ये कोरियातील युद्ध थांबले. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांची राखण करण्यासाठी तटस्थ म्हणून भारताची फौज गेली. तिचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूर भागातील मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. या फौजेसाठी त्याच मालिकेवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ अशी देवनागरी अक्षरे छापण्यात आली. चाळीस वर्षांपूर्वीच्या ‘आय. ई. एफ.’शी ही तुलना करून पाहावी. तेव्हा परक्या सम्राटाच्या चेहऱ्याखाली परक्यांचे युद्ध लढावयास माणसे गेली. आता बोधिसत्त्वाच्या आणि बोधगयेच्या चित्रांसह शांतता राखावयास गेली. दोन तिकिटांत मावलेला हा इतिहास आहे.

२४ मे १९५६ रोजी अडीच हजाराव्या बुद्धजयंतीची दोन आणे आणि चौदा आण्यांची तिकिटे निघाली. त्याच दिवशी मुंबईच्या नरे पार्कवर बाबासाहेबांनी आपण ऑक्टोबरमध्ये बौद्ध धम्म स्वीकारणार असल्याचे जाहीर केले. बाबासाहेबांचे पहिले तिकीट १४ एप्रिल १९६६ रोजी निघाले, १५ पैशांचे. महात्मा जोतीराव फुले यांचे १९७७ मध्ये आणि सावित्रीबाईंचे १९९८ मध्ये निघाले. म्हणजे निर्वाणानंतर जोतीरावांना ८७ वर्षे आणि सावित्रीबाईंना १०१ वर्षे थांबावे लागले. तिकिटावर कोण आले एवढेच पाहू नये. केव्हा आले हेही पाहावे.

विद्यार्थ्यांस विनंती

विद्यार्थी मित्रहो, तिकीटसंग्रह हा श्रीमंतांचा छंद आहे असा एक समज आहे. दुर्मीळ तिकिटांचा बाजार महाग असेल; पण इतिहासाच्या दृष्टीने मोलाचे पाकीट तुमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीतही असू शकते. सुटीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांना विचारा. सैन्यातून आलेले आंतरदेशीय पत्र, गिरणीतून किंवा रेल्वेतून पाठवलेल्या मनिऑर्डरची पावती, निवृत्तिवेतनाचे पुस्तक, समता सैनिक दलाच्या एखाद्या सभेचे कार्ड, धम्मदीक्षेला निघण्याविषयी लिहिलेले चार ओळींचे पोस्टकार्ड, यांतील काहीही क्षुल्लक नाही. सापडले तर पुढील नियम पाळा. तिकीट भिजवून काढू नका. पाकिटापासून वेगळे झालेले तिकीट निम्मे मुके होते. चिकटपट्टी लावू नका. पिन किंवा टाचणी काढून टाका, तिचा गंज कागद खातो. एका वहीत तारीख, ठिकाण, पाठवणारा, घेणारा आणि ते तुम्हांस कोणी दिले, याची नोंद करा. ज्यांना ते पत्र आठवते, त्यांच्याकडून त्यामागची हकीकतही लिहून घ्या. कागदापेक्षा स्मरण लवकर नाहीसे होते.

दिवाळीची साफसफाई, घराची दुरुस्ती आणि स्थलांतर यांत आपल्या वस्त्यांतील असे किती कागद चुलीत आणि रद्दीत गेले असतील, त्याचा हिशेब लागत नाही. आपला इतिहास लिहिलेला नाही, ही आपली रास्त तक्रार आहे. पण ज्या समाजाला शेकडो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्या पहिल्या साक्षर पिढीने लिहिलेली पहिली पत्रे जर तिसऱ्या पिढीने रद्दीत घातली, तर पुढच्या इतिहासकाराने कोणाला दोष द्यावा? सांगावा पोहोचवण्याची वेठ आपल्या पूर्वजांनी केली. त्यातले एकही अक्षर त्यांचे स्वतःचे नव्हते. ज्या दिवशी त्यांच्यापैकी एकाने स्वतःचे नाव घालून स्वतःचे पत्र टपालपेटीत टाकले, त्या दिवसाची तारीख त्या पाकिटाच्या शिक्क्यावर आहे. ती जपणे हे आपले काम आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!